जन्मठेप म्हणजे नक्की किती वर्षं?

मागच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममध्ये जोरदार वाद झाला. विषय नेहमीचा (अप्रेझल, ट्रॅफिक, कुणाचा व्हिसा कुठे अडकला) नव्हता. जन्मठेपेच्या कुठल्याशा कैद्याला रजेवर सोडल्याची बातमी एकाने मोबाईलवरून वाचून दाखवली आणि सगळे तुटून पडले. एकजण म्हणाला, "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं. संपला विषय." दुसरा म्हणाला, "चौदा कुठली? आत दिवस आणि रात्र वेगवेगळे मोजतात. म्हणजे सातच." तिसऱ्याने छातीठोकपणे वीस सांगितली. टेस्टिंगमधली एक मुलगी, जी एरवी फार बोलत नाही, ती डबा बंद करता करता म्हणाली, "शब्दातच आहे की. जन्म." सगळे हसले. मग मिसळीची पैज लागली आणि शोधून काढायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं, कारण मला शनिवार-रविवार दुसरा उद्योग नसतो असा टीमचा पक्का समज आहे.

खरं सांगायचं तर मी हे काम मिसळीसाठी घेतलं नाही. माझ्या आजोळी आमच्या गल्लीत एक माणूस होता. माझ्या जन्माच्या आधी त्याने बांधाच्या भांडणातून एकाचा खून केला होता आणि त्याला जन्मठेप झाली होती. आम्ही सुट्टीत जायचो तेव्हा कधीकधी तो पंधरवडाभर घरी आलेला असायचा. आम्ही पोरं म्हणायचो, "जेलातनं सुट्टीवर आलाय", जसं फौजेतला माणूस सुट्टीवर येतो ना, तसं. ज्याला त्याने मारलं त्याची बायको तीन घरं सोडून राहायची. तिला आम्ही काकू म्हणायचो. तो आला की काकूंचं दार दिवसभर बंद असायचं. मी आठवी-नववीत असताना तो कायमचा परत आला. तेव्हा काकू आमच्या आजोबांकडे कोर्टाच्या निकालाची जुनी, घडीवर फाटलेली नक्कल घेऊन आल्या होत्या आणि विचारत होत्या, "अण्णा, यात आजन्म लिहिलंय ना? आजन्म म्हणजे आजन्मच ना?" आजोबा काय म्हणाले ते सांगतो, पण शेवटी.

तर सुरुवात त्या सात वर्षांपासून. दिवस आणि रात्र वेगळी मोजतात ही शुद्ध अफवा आहे. असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. तुरुंगातला दिवसही चोवीस तासांचाच असतो. बाकीच्या आकड्यांचं मात्र तसं नाही. ते खरोखरच कायद्यात आहेत, फक्त त्यांचा अर्थ आपण समजतो तो नाही.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत 'जन्मठेप' नव्हतीच. तिथे होती आजन्म हद्दपारी, म्हणजे आपल्या भाषेत काळं पाणी. माणसाला बोटीत घालून अंदमानला पाठवायचं, विषय कट. त्याच संहितेच्या ५५ व्या कलमात लिहिलं होतं की सरकारला वाटलं तर ही आजन्म शिक्षा बदलून जास्तीत जास्त १४ वर्षांची कैद करता येईल. हा झाला १४ चा उगम. नीट पाहा, 'करता येईल' आहे, 'होते' नाही. आणि जास्तीत जास्त आहे.

२० कुठून आले ते तर आपल्या लोकांना ऐकायला फारच मजा येईल. ५७ वं कलम म्हणतं की शिक्षेचे अपूर्णांक काढताना आजन्म शिक्षा २० वर्षांची धरावी. अपूर्णांक कशाला? तर गुन्ह्याचा नुसता प्रयत्न केला तर मूळ शिक्षेच्या निम्मी शिक्षा, अशी तरतूद होती. आता 'आजन्म'च्या निम्मे किती? अनंताला दोनाने भागलं की उत्तर अनंतच. प्रोग्राम तिथेच आडवा. म्हणून कायदा लिहिणाऱ्यांनी भागाकारापुरती एक किंमत ठरवून टाकली: २०. निम्मे करा, १० वर्षं. आपण नाही का, कोडमध्ये एखादी किंमत रिकामी आली तर हिशेब कोसळू नये म्हणून डिफॉल्ट टाकून ठेवतो, तसंच. अडचण एवढीच की पुढची शंभर वर्षं लोक त्या डिफॉल्टलाच खरी किंमत समजत राहिले. (आमच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये अशीच एक ९९९९ होती. एका मॅनेजरने ती रिपोर्टमध्ये क्लायंटला दाखवली होती. असो.) नवीन भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या ६ व्या कलमातही ते २० जसेच्या तसे आहेत.

शिवाय मुंबई प्रांताच्या तुरुंग नियमांत एक १५ चा आकडा होता. कैद्यांच्या माफीचा हिशेब ठेवता यावा म्हणून आजन्म शिक्षा साधारण १५ वर्षं धरायची. म्हणजे १४, १५ आणि २० असे तीन आकडे, तीन वेगळ्या कामांसाठी. १९५५ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी १९५६ पासून, हद्दपारी हा शब्द जाऊन 'आजन्म कारावास' आला. पण शब्द बदलला तरी गोंधळ तसाच राहिला.

हा गोंधळ शेवटी ज्याच्यामुळे सुप्रीम कोर्टापुढे गेला ते नाव महाराष्ट्राला चांगलंच माहीत आहे. गोपाळ विनायक गोडसे.

नाव वाचून काहींच्या भुवया उंचावतील, पण आज मला त्या कटाबद्दल किंवा राजकारणाबद्दल लिहायचं नाहीये. मला रस आहे तो बेरीज-वजाबाकीत. गांधीजींच्या खुनाच्या खटल्याचा निकाल १० फेब्रुवारी १९४९ रोजी लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयात लागला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी, गोपाळ गोडसे, विष्णू करकरे, मदनलाल पाहवा वगैरेंना आजन्म हद्दपारी. अटक झाली तेव्हा गोपाळ गोडसे २८ वर्षांचा होता. म्हणजे माझ्याच वयाचा. हे वाचताना मी जरा थांबलोच.

बारा-एक वर्षांनी त्याने सुप्रीम कोर्टात अर्ज केला की माझी शिक्षा भोगून झालेली आहे, मला सोडा. हिशेब असा: सप्टेंबर १९६० अखेरपर्यंत मिळवलेली माफी. साधारण माफी ८३६ दिवस. विशेष माफी २०६. शारीरिक व्यायामाबद्दल ११३. लिहिण्या-वाचण्याबद्दल १०८. दरवर्षीच्या चांगल्या वागणुकीची २५०. आणि सरकारने दिलेली स्टेट माफी १३८०. मी एक्सेलमध्ये बेरीज करून पाहिली (सवय!), २८९३ बरोबर येते. म्हणजे सुमारे सात वर्षं अकरा महिने. प्रत्यक्ष भोगलेला काळ आणि ही माफी मिळून २० वर्षांच्या वर जातं, आणि नुसती स्टेट माफी धरली तरी १५ च्या वर जातं, असं त्याचं म्हणणं होतं.

अर्जाचं तर्कशास्त्र वरवर बघता बिनतोड आहे. सरकारच्याच नियमांनी मला माफी दिली, सरकारच्याच पुस्तकात माझी शिक्षा १५ किंवा २० वर्षं धरलीय, मग वजाबाकी करा आणि दार उघडा. आधाराला एक जुना निकालही होता. लाहोर कटाच्या खटल्यात आजन्म शिक्षा झालेले किशोरीलाल यांचं प्रकरण इंग्रजांच्या काळात प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं होतं आणि तिथे '२० वर्षं धरली तरी' असा उल्लेख आला होता.

निकाल १२ जानेवारी १९६१ ला लागला. तो न्या. सुब्बाराव यांनी लिहिला. त्यांनी सांगितलं की प्रिव्ही कौन्सिलने २० वर्षं वादापुरती गृहीत धरली होती, ठरवली नव्हती. आजन्म कारावास म्हणजे त्या माणसाच्या उरलेल्या सगळ्या नैसर्गिक आयुष्याचा कारावास. तुरुंगाचे नियम हे प्रशासनाच्या सोयीचे नियम, ते मूळ शिक्षा बदलू शकत नाहीत. माफीचे दिवस खात्यावर जमा होतात हे खरं, पण ते वजा करणार कशातून? अनंतातून २८९३ वजा केले तरी अनंतच उरतं. उरलेली शिक्षा माफ करून कैद्याला सोडायचं की नाही हा निर्णय फक्त सरकार घेऊ शकतं, आणि तसा आदेश नसेल तर कैद्याला सुटकेचा हक्क नाही. अर्ज फेटाळला.

म्हणजे टेस्टिंगवाली जिंकली. तिची मिसळ पक्की. पण निकालाचा दुसरा अर्धा भाग बघा, मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. शिक्षा कोर्टाने दिली, ती आजन्म. पण ती प्रत्यक्षात किती वर्षांची, हे ठरणार मंत्रालयातल्या फाईलवर. कोर्टात निदान दोन्ही बाजूंचे वकील असतात, साक्षी होतात, निकालाला कारणं द्यावी लागतात. फाईलवर कोण असतं?

याचं उत्तर शोधताना मला एक योगायोग सापडला. साल १९६४. त्या एका वर्षात महाराष्ट्रातून आजन्म कारावासाचे दोन प्रसिद्ध कैदी सुटले.

पहिला, नौदलातला कमांडर कावस नानावटी. 'रुस्तम' सिनेमा पाहिलेल्यांना गोष्ट माहीत आहे, तेव्हा भराभर सांगतो. २७ एप्रिल १९५९ ला त्याने मुंबईत बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. ज्यूरीने ८ विरुद्ध १ अशा मतांनी निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटेना, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि ११ मार्च १९६० ला तिथे जन्मठेप झाली. त्याच दिवशी, हो, त्याच दिवशी राज्यपालांनी आदेश काढला की सुप्रीम कोर्टातल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित, आणि तोवर आरोपी नौदलाच्याच ताब्यात राहील. पुढे सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रकरण आमच्यापुढे असताना राज्यपालांना असं करता येणार नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये जन्मठेप कायम झाली.

बाहेर 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटीसाठी रान उठवलं होतं. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात होता म्हणतात. देखणा, पदकवाला अधिकारी, फसवला गेलेला नवरा. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्याला माफी दिली. तुरुंगात गेलेला काळ जेमतेम तीन वर्षं. काही वर्षांनी कुटुंब कॅनडाला गेलं.

पण ही माफी सहज झालेली नाही. मेलेल्याची बहीण होती, मेमी आहुजा. सिंधी समाजात नाराजी होती. भाई प्रताप नावाचे एक सिंधी व्यापारी आयात परवान्यांच्या प्रकरणात शिक्षा भोगत होते आणि त्यांचाही माफीचा अर्ज पडून होता. दोन्ही माफ्या एकदम द्यायच्या, असा मेळ घातला गेला, आणि मेमी आहुजांनी आपली हरकत नाही असं लिहून दिलं. या सौद्याबद्दल काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मला स्वतःला तो बरा वाटत नाही, दोन अर्ज एकमेकांना बांधून निकालात काढणं म्हणजे बाजार झाला. पण त्या बाजारात एक गोष्ट झाली हेही खरं: कुणीतरी उठून मेलेल्या माणसाच्या बहिणीच्या दारात गेलं. तिच्या सहीशिवाय फाईल पुढे सरकत नव्हती.

दुसरा कैदी गोपाळ गोडसे. १३ ऑक्टोबर १९६४ ला सरकारने त्याला सोडलं, करकरेलाही. अटकेपासून मोजलं तर साडेसोळा वर्षांच्या वर. कोर्टाने नाही म्हटल्यावर चार वर्षांच्या आत सरकारने हो म्हटलं, आणि कायद्याच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. पुढचं नाट्य वेगळंच आहे. १२ नोव्हेंबरला पुण्यात सुटकेच्या आनंदाप्रीत्यर्थ सत्यविनायकाची पूजा घातली. तिथे लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर भाषणात बोलून गेले की कटाची कल्पना आपल्याला आधीपासून होती. संसदेत गदारोळ झाला. गोडसेला भारत संरक्षण कायद्याखाली पुन्हा आत टाकलं, केतकरांनाही पकडलं. त्यातूनच पुढे न्या. कपूर यांचा आयोग आला. म्हणजे सुटका करताना फाईलवर जे कुणी विचार करत होतं, त्याला बाहेर काय होईल याचा अंदाज महिनाभरही पुरला नाही.

तीन वर्षं आणि साडेसोळा वर्षं. दोघांच्या निकालपत्रात शिक्षा मात्र एकच.

हे असं सगळीकडेच चालू होतं. १९७० च्या दशकात संसदेच्या समितीच्या लक्षात आलं की कधीकधी खुनातले कैदीही माफी मिळून पाच-सहा वर्षांत बाहेर येतात. म्हणून १८ डिसेंबर १९७८ पासून ४३३-अ हे कलम आलं: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष १४ वर्षं भोगल्याशिवाय सोडायचं नाही. १८६० मध्ये जे १४ कमाल होते ते आता किमान झाले! आकडा तोच, फक्त तुलनेचं चिन्ह उलटं. आपल्या कॅन्टीनमधला 'चौदा वर्षं' हा समज या दोन कलमांच्या मिश्रणातून आलेला आहे. १९८० मध्ये मारूराम खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे कलम वैध ठरवलं. २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद खटल्यात तर कोर्टाने, फाशी द्यायची नाही पण सरकारच्या फाईलवरही सोडायचं नाही, म्हणून 'मरेपर्यंत, माफीशिवाय' अशीच शिक्षा दिली. थोडक्यात, कोर्टाचाच फाईलवर भरवसा राहिला नव्हता.

इथे रजेचंही सांगायला हवं, कारण वाद तिथूनच सुरू झाला. महाराष्ट्रात रजेचे नियम १९५९ चे आहेत, त्यानंतर बरेच बदलले. संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. संचित रजा चांगलं वागून ठरावीक काळ काढला की मिळू शकते, घराशी धागा तुटू नये म्हणून. अभिवचन रजा आजारपण, मृत्यू, लग्न अशा कारणांसाठी. यात शिक्षा संपत नाही, माणूस परत आत जातो. मला ही कल्पना मनापासून पटते. वीस वर्षं जगाचं तोंड न पाहिलेला माणूस एके दिवशी एकदम दाराबाहेर सोडला तर तो काय करेल? मुदतपूर्व सुटकेलाही माझा विरोध नाही. माणूस बदलतो यावर विश्वास नसेल तर मग तुरुंग म्हणजे नुसतं गोदाम. माझा प्रश्न फक्त त्या फाईलवर कुणाकुणाचं म्हणणं येतं एवढाच आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारने बिल्किस बानो प्रकरणातल्या ११ जन्मठेपेच्या कैद्यांना सोडलं. २००२ चा गुन्हा, सामूहिक बलात्कार आणि तिच्या घरातल्या माणसांचे खून. खटला सुप्रीम कोर्टाने मुंबईला हलवला होता, शिक्षा जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने दिली होती. तिथल्या न्यायाधीशांचं मत सुटकेच्या विरोधात होतं, सीबीआयचंही. गोध्र्याच्या तुरुंग सल्लागार समितीने एकमताने हो म्हटलं. हा निर्णय घेण्याआधी आपल्याला कुणी काही विचारलं नाही, असं बिल्किस बानोने निवेदनात सांगितलं. ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सुटका रद्द केली. कारण मुख्यतः अधिकाराचं होतं: खटला महाराष्ट्रात चालला, तर सुटकेचा निर्णय घेणारं सरकारही महाराष्ट्राचंच, गुजरातचं नव्हे. दोन आठवड्यांत सगळे परत आत गेले. कोर्टापर्यंत जायची ताकद तिने आणली म्हणून. सगळ्यांकडे ती नसते.

रविवारी संध्याकाळी हे सगळं वाचून झालं आणि मी मामाला फोन लावला. म्हटलं, आजोबा काकूंना तेव्हा बरोबरच सांगत होते. तेव्हा आजोबा चष्मा पुसत म्हणाले होते, "होय, आजन्म म्हणजे आजन्मच." मला वाटायचं की त्यांनी बाईची समजूत घातली. कायद्याने ते शब्दशः खरं होतं.

मामा जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे काकूला सांगत बसू नको आता." मी म्हटलं, का? तर म्हणाला, त्याच्या सुटकेचे कागद आले तेव्हा तालुक्याहून पोलीस चौकशीला आले होते. गावात काही भांडण उसळेल का, लोकांची हरकत आहे का, विचारायला. चावडीवर पाच-सहा जुनी माणसं बोलावली होती. गावात शांतता आहे, आमची हरकत नाही, असं लिहून दिलं सगळ्यांनी. त्याची आई म्हातारी झाली होती, तो सुट्टीवर येऊन कधी कुणाशी वाकडा वागला नव्हता, आणि ते खरंच होतं.

"आजोबांचीपण सही?"

"पहिली त्यांचीच," मामा म्हणाला. "काकू नक्कल घेऊन आली ते त्याच्यानंतर."

काकूंच्या घरी कोण गेलं होतं, असं मी विचारलं. चावडीपासून ते घर दोन मिनिटांवर आहे. मामा म्हणाला, "कोण जाणार?"